बँका वाचवाव्या लागल्या. पण कोणत्या अटींवर?

प्रश्न : 2008 पासून पाहतो आहे. संकट आले की रोज घसरणीचे नवे आकडे येतात, रोज अब्जावधींचे एखादे पॅकेज जाहीर होते, बँका वाचतात आणि दोन वर्षांनी सामान्य माणसाला काटकसरीचे धडे दिले जातात. या सरकारी उपायांनी खरोखर काही साध्य होते, की बड्यांना सोडवण्याचा हा सारा देखावा आहे? आणि या निराशाजनक बातम्या वाचणेच सोडून द्यावे का?

उत्तर : तुमचा वैताग समजण्यासारखा आहे, आणि तो केवळ बाहेरून पाहणाऱ्यांचा नाही. बँकेच्या ट्रेझरीत (रोजची रोकड उभारणाऱ्या आणि गुंतवणाऱ्या विभागात) आणि पुढे कर्जजोखीम विभागात काम करताना आमच्यापैकी अनेकांनी हाच प्रश्न आपसांत विचारला आहे. ‘देखावा’ हा शब्द मी वापरणार नाही, कारण 2008 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरकारे हातावर हात ठेवून बसली असती तर परिणाम कितीतरी भीषण झाले असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु ‘उपाय करावेच लागले’ एवढे सांगून विषय मिटवणारे सरकारी उत्तरही मला मान्य नाही. बँकव्यवस्था वाचवणे अटळ होते. ज्या अटींवर ती वाचवली गेली, त्या अटी अटळ नव्हत्या. राग धरायचाच असेल तर तो या अटींवर धरावा, असे माझे मत आहे.

बचाव अटळ का होता, हे समजून घ्यायचे तर लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या दिवाळखोरीपेक्षा तिच्या दुसऱ्या दिवशी काय झाले ते पाहणे अधिक उपयोगी ठरते. 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज केला. 16 तारखेला रिझर्व्ह प्रायमरी फंड या अमेरिकी मनी मार्केट फंडाने आपल्या एक डॉलरच्या युनिटचे मूल्य 97 सेंटवर आल्याचे जाहीर केले. या फंडाकडे सुमारे 62 अब्ज डॉलर होते आणि त्यांपैकी लेहमनच्या कर्जरोख्यांत गुंतलेली रक्कम होती 78.5 कोटी डॉलर, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. पण लोक या फंडाकडे गुंतवणूक म्हणून पाहतच नव्हते. हवे तेव्हा पूर्ण पैसे परत मिळणारे आणि बँकेपेक्षा थोडे अधिक व्याज देणारे खाते, अशीच त्यांची समजूत होती. अशा ठिकाणी तोट्याची कुणकुण लागली की आधी पैसे काढणाऱ्याला पूर्ण डॉलर मिळतो आणि तोटा मागे राहिलेल्यांच्या माथी येतो, त्यामुळे प्रत्येकाच्या दृष्टीने सर्वांत आधी पळणे हेच शहाणपणाचे असते. पाहता पाहता ही पळापळ लेहमनशी संबंध नसलेल्या फंडांपर्यंत पोहोचली.

आता या फंडांचा कारखान्यांशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. हे फंड मोठ्या कंपन्यांचे कमर्शियल पेपर विकत घेत असत; म्हणजे काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतच्या मुदतीचे बिनतारणी कर्जरोखे. कंपन्या त्या पैशातून पगार करतात, कच्च्या मालाची बिले भागवतात, आणि जुन्या पेपरची मुदत भरली की नवा पेपर काढून त्याची परतफेड करतात. फंडांनी नवा पेपर घेणे थांबवले की नफ्यात चालणारी, हातात भरपूर मागण्या असलेली कंपनीसुद्धा चार दिवसांत अडचणीत येते. त्या आठवड्यांत ट्रेझरीच्या फोनवर व्याजदराची घासाघीस होत नव्हती. ‘उद्यापुरते मिळतील का’, एवढेच विचारले जात होते. 19 सप्टेंबरला अमेरिकेच्या अर्थखात्याने या फंडांना हमी दिली, आणि त्यानंतर ही पळापळ ओसरली. हमी न देता काय होते, हे त्याच देशाने 1930 ते 1933 या काळात पाहिले होते. त्या वर्षांत सुमारे 9,000 बँका बंद पडल्या आणि 1933 मध्ये दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता.

मात्र रोकड पुरवणे आणि तोटा भरून देणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि जनतेची खरी फसगत येथेच होते. ज्या बँकेची मालमत्ता चांगली आहे, पण आज हातात रोख नाही, तिला मध्यवर्ती बँकेने चांगल्या तारणावर, चढ्या व्याजाने हवे तेवढे कर्ज द्यावे, हा दीडशे वर्षांचा जुना आणि शहाणा नियम आहे. ज्या बँकेची कर्जेच बुडाली आहेत, तिला रोख देऊन भागत नाही. तिला नवे भांडवल लागते. भांडवल घालतो तो मालक, हे व्यवहाराचे साधे तत्त्व आहे. सरकारने जनतेच्या वतीने भांडवल घातले तर मालकीही त्या प्रमाणात जनतेकडे आली पाहिजे आणि जुन्या मालकांचा हिस्सा आधी पुसला गेला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले, ते एकाच बँकेच्या बाबतीत पाहा. 23 सप्टेंबर 2008 रोजी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने गोल्डमन सॅक्समध्ये 5 अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले. बदल्यात मिळालेल्या प्राधान्य भागांवर (ज्यांना लाभांश इतर भागांच्या आधी मिळतो) 10 टक्के लाभांश ठरला आणि शिवाय ठरावीक किमतीला समभाग घेण्याचा हक्क मिळाला. पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारने त्याच बँकेला 10 अब्ज डॉलर दिले, तेही प्राधान्य भागांच्याच रूपात, पण लाभांश होता 5 टक्के. तो पाच वर्षांनंतर 9 टक्क्यांवर जाणार होता. रक्कम दुप्पट, बाजाराची भीती तेव्हा अधिकच वाढलेली, आणि दर निम्मा. सरकारच्या बाजूने असे सांगितले जाते की, 13 ऑक्टोबरला नऊ मोठ्या बँकांना एकत्र बसवून 125 अब्ज डॉलर घ्यायला लावायचे होते, कोणा एकीवर ‘दुबळी’ असा शिक्का बसू द्यायचा नव्हता आणि म्हणून अटी सौम्य ठेवाव्या लागल्या. हा युक्तिवाद निव्वळ पोकळ नाही. पण सगळ्यांना सक्तीने घ्यायला लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, त्याला दर ठरवण्याची ताकद नव्हती, हे पटत नाही.

एआयजी या विमा कंपनीच्या बाबतीत तर हे आणखी उघड दिसते. 16 सप्टेंबर रोजी तिला फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने 85 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. एआयजीने बड्या बँकांना त्यांच्या रोख्यांवर बुडीत-संरक्षण, म्हणजे रोखे बुडाले तर भरपाई देण्याची हमी, विकले होते आणि ते देणे तिला झेपत नव्हते. दिवाळखोरीत गेली असती तर या बँकांना रुपयातले काही आणेच मिळाले असते. नोव्हेंबरमध्ये फेडरल रिझर्व्हच्या अधिकाऱ्यांनी आठ मोठ्या बँकांकडे काही सूट द्याल का, अशी विचारणा केली. सात बँकांनी नकार दिला. एक बँक 2 टक्के सूट द्यायला तयार होती, तीही इतरांनी दिली तर. विचारणा तेथेच संपली आणि सुमारे 62 अब्ज डॉलरचे हे व्यवहार पूर्ण दर्शनी किमतीला, म्हणजे कागदावरच्या पूर्ण रकमेला, मिटवण्यात आले. मार्च 2009 मध्ये एआयजीच्या कर्मचाऱ्यांना मिळालेल्या 16.5 कोटी डॉलरच्या बोनसवरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. पण त्याच्या कित्येक पट रक्कम बँकांना एका पैशाचीही झळ न लागता मिळाली, याची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली. बोनस समजायला सोपा, दर्शनी किमतीची भानगड समजायला कठीण. बातम्या नेहमी सोप्या गोष्टीमागे जातात.

दुसऱ्या टोकाला घरमालक होते. गृहकर्जाचे हप्ते थकलेल्या 30 ते 40 लाख कुटुंबांची कर्जे सुसह्य करून देण्याची योजना 2009 मध्ये आली. ती स्वेच्छेच्या तत्त्वावर, कर्जवसुली करणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन देऊन राबवायची होती. कागदपत्रे पुन्हा पुन्हा मागणे, तात्पुरती सवलत देऊन ती पक्की न करणे, असल्या तक्रारींतच ती अडकली आणि ठरवलेले लक्ष्य कधीच गाठले गेले नाही. बँकांना पैसे मिळायला काही दिवस पुरले. कुटुंबांसाठी मात्र अर्ज, पडताळणी आणि प्रतीक्षा. तुमच्या प्रश्नातल्या चिडीचे मूळ मला वाटते येथे आहे, आणि ही चीड रास्त आहे.

याहून बरे करता आले असते, याला दाखला आहे. 1992 मध्ये स्वीडनची बँकव्यवस्था कोलमडली तेव्हा सरकारने ठेवीदार आणि इतर धनको यांना हमी दिली, भागधारकांना दिली नाही. गोटा बँक सरकारने ताब्यात घेतली तेव्हा भागधारकांचा हिस्सा शून्य झाला. नॉर्डबँकेनची बुडीत कर्जे सेक्युरम या सरकारी कंपनीकडे वेगळी काढून सवडीने विकली गेली. मदत हवी असेल तर आधी खरे तोटे ताळेबंदात दाखवा, अशी अट होती, आणि सरकारकडे मालकी आल्यामुळे पुढे किमती सावरल्यावर खर्चाचा बराच भाग परतही मिळाला.

उलट दाखला आयर्लंडचा. 30 सप्टेंबर 2008 च्या पहाटे आयरिश सरकारने सहा बँकांच्या जवळजवळ सर्व देण्यांना हमी दिल्याचे जाहीर केले. हमीची रक्कम सुमारे 440 अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होती. केवळ ठेवीदार नव्हे, जोखीम ओळखून जास्त व्याज घेणाऱ्या रोखेधारकांचाही तीत समावेश होता, आणि हा निर्णय घेताना बँकांच्या कर्जांची खरी अवस्था सरकारला ठाऊक नव्हती. बँकांत पुढे सुमारे 64 अब्ज युरो ओतावे लागले, 2010 मध्ये वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 30 टक्क्यांवर गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 85 अब्ज युरोंचे साहाय्य पॅकेज पत्करण्याची वेळ आली. संपूर्ण संकटातला सर्वांत महागडा निर्णय मी यालाच म्हणेन. आइसलँडने बँका बुडू दिल्या आणि तो सावरला, असे याला उत्तर म्हणून नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या तीन बँकांचा पसारा देशाच्या उत्पन्नाच्या दहापटींच्या घरात होता, त्यामुळे वाचवायचे म्हटले तरी वाचवता आले नसते. देशांतर्गत ठेवी त्यानेही सुरक्षित ठेवल्या, आणि भांडवल बाहेर नेण्यावरचे निर्बंध उठायला 2017 उजाडले.

‘सरकारला शेवटी नफाच झाला’, असे सांगणारेही भेटतात. अमेरिकेत टार्प या सरकारी बचाव योजनेतून बँकांत घातलेले सुमारे 245 अब्ज डॉलर परत येऊन वर आणखी सुमारे 30 अब्ज आले, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये सरकारने 45 अब्ज पौंडांहून अधिक घातले. शेवटचा हिस्सा 2025 मध्ये विकला गेला तेव्हा हिशेब सुमारे 10 अब्ज पौंडांच्या तोट्याचा निघाला. पण नफा झाला की निर्णय योग्य आणि तोटा झाला की अयोग्य, ही कसोटीच चुकीची आहे. घराला आग लागली नाही म्हणून विमा फुकट द्यायचा नसतो, आणि जनतेने दिलेली हमी ही त्या काळातली जगातली सर्वांत महाग विमा पॉलिसी होती. तिचा हप्ता बँकांकडून पुरेसा घेतला गेला का, हा प्रश्न नफ्याच्या आकड्याने सुटत नाही.

बातम्यांतल्या आकड्यांविषयी आता थोडे सविस्तर सांगतो, कारण निराशेचा मोठा भाग त्यांच्या मांडणीतून येतो. 8 ऑक्टोबर 2008 रोजी ब्रिटनने ‘500 अब्ज पौंडांचे पॅकेज’ जाहीर केले. त्यात भांडवल म्हणून ठेवलेली रक्कम 50 अब्ज होती, सुमारे 200 अब्ज हे तारणावरचे अल्पमुदतीचे साहाय्य होते आणि 250 अब्ज ही नव्या कर्जउभारणीला दिलेली हमी होती. पहिल्या रकमेत पैसे बुडू शकतात, दुसरीत तारण हाती असते, तिसरीत एक पौंडही दिला जाईलच असे नाही. या तिन्हींची बेरीज करून ठळक मथळा देणे म्हणजे पगार, उसनवारी आणि जामीनकी एकाच रकान्यात लिहिण्यासारखे आहे. सरकारला मोठा आकडा हवा असतो, कारण त्याने धीर येतो. वृत्तपत्रांनाही तो हवा असतो, कारण तो धक्का देतो. वाचणारा मात्र आपल्या करातून 500 अब्ज गेले असे धरून चालतो.

विकासदराच्या आकड्यांचे तर वेगळेच. जानेवारी 2009 च्या अखेरीस अमेरिकेच्या मागच्या तिमाहीचा पहिला अंदाज आला : अर्थव्यवस्था वार्षिक 3.8 टक्के दराने आक्रसली. महिन्याभरात तो 6.2 टक्के झाला, आणि पुढच्या काही वर्षांतील सुधारणांनंतर 8 टक्क्यांच्याही पलीकडे गेला. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक तर ‘वार्षिक दर’ म्हणजे हीच गती वर्षभर राहिली तर किती, असा हिशेब असतो. प्रत्यक्ष तिमाहीतली घट त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी असते. दुसरे असे की, 787 अब्ज डॉलरचे प्रोत्साहन पॅकेज फेब्रुवारी 2009 मध्ये मंजूर झाले ते पहिला, सौम्य अंदाज हातात असताना. खड्डा दिसत होता त्याच्या दुप्पट खोल होता. पुढे बेकारी 10 टक्क्यांवर गेली तेव्हा ‘एवढे पैसे घालूनही काही झाले नाही’, असे म्हटले गेले. औषध लागू पडले नाही, असा त्याचा अर्थ काढणे घाईचे होते. मात्रा ठरवताना दुखण्याचा अंदाजच चुकला होता.

तुमच्या काटकसरीच्या तक्रारीबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. जून 2010 मध्ये टोरंटो येथे जी-20 मधील प्रगत देशांनी 2013 पर्यंत वित्तीय तूट निम्मी करण्याचे ठरवले, तेव्हा खासगी मागणी उभी राहिलेली नव्हती. युरोपीय मध्यवर्ती बँकेने 2011 च्या एप्रिल आणि जुलैमध्ये व्याजदर वाढवले, हे आजही समजावून सांगता येणे कठीण आहे. खर्चकपातीचा उत्पन्नावर होणारा परिणाम पूर्वानुमानांत कमी लेखला गेला होता, हे नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी 2013 च्या जानेवारीत आकडेवारीनिशी दाखवले. तोवर ग्रीसमध्ये बेकारी 25 टक्क्यांच्या वर गेली होती, आणि त्या देशाचे उत्पन्न संकटापूर्वीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

याच काळात एक उपाय असा झाला की, त्यावर एक युरोही खर्च झाला नाही. 26 जुलै 2012 रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारियो द्रागी यांनी युरो टिकवण्यासाठी लागेल ते करू, असे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये रोखेखरेदीची योजना मांडली गेली. स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा तेव्हा 7 टक्क्यांच्या वर गेला होता, तो घोषणेनंतर उतरू लागला, आणि ती योजना प्रत्यक्षात कधी वापरावीच लागली नाही. शब्दाला वजन असेल तर रकमेची गरज कमी पडते. अमेरिकेत 2009 च्या मे महिन्यात 19 मोठ्या बँकांच्या चाचणीचे (संकट आणखी चिघळले तर भांडवल पुरेल का, हे पाहणाऱ्या) निकाल नावानिशी प्रसिद्ध झाले आणि दहा बँकांना मिळून सुमारे 75 अब्ज डॉलर कमी पडतात, असे सांगितले गेले. वाईट असली तरी ती विश्वास ठेवण्याजोगी माहिती होती, आणि बाजार सावरला. युरोपातल्या 2011 च्या चाचणीत डेक्सिया ही बँक उत्तीर्ण झाली आणि ऑक्टोबरमध्ये कोसळली. त्यानंतर त्या चाचण्यांवर कोणी का विश्वास ठेवावा?

बातम्या वाचणे सोडून द्या, असे मी सांगणार नाही. पण त्यांतून काळाचा अंदाज बांधू नका. अमेरिकेतली मंदी डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाली, हे अधिकृतपणे जाहीर झाले 1 डिसेंबर 2008 रोजी. ती जून 2009 मध्ये संपली, हे जाहीर व्हायला सप्टेंबर 2010 उजाडला. शेअर बाजाराने तळ गाठला मार्च 2009 मध्ये, तर बेकारीने शिखर गाठले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सर्वांत काळ्या मथळ्यांचे कित्येक महिने उतार थांबल्यानंतरचे होते. यावरून ‘मथळे काळे झाले की खरेदी करा’, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहा. नोव्हेंबर 2008 च्या नीचांकावरून बाजार जानेवारीपर्यंत 20 टक्क्यांहून अधिक चढला होता, आणि मग मार्चमध्ये त्याहूनही खाली गेला.

पुढच्या वेळी एखादे बचाव पॅकेज जाहीर होईल तेव्हा एकूण रकमेकडे दुर्लक्ष करून पहिला तोटा कोण सोसणार, एवढी ओळ शोधा. 19 मार्च 2023 च्या रविवारी क्रेडिट स्विस ही बँक 3 अब्ज स्विस फ्रँकला यूबीएसने घेतल्याची बातमी जगभर झळकली. त्याच दिवशीच्या निवेदनात एक वाक्य होते : बँकेचे सुमारे 16 अब्ज फ्रँकचे एटी-1 रोखे (बँक अडचणीत आली तर तोटा सोसण्यासाठी काढलेले विशेष रोखे) शून्य करण्यात येत आहेत. भागधारकांना काहीतरी मिळाले आणि त्यांच्या आधी ज्यांचा हक्क असतो अशी सर्वसाधारण समजूत होती, त्या रोखेधारकांना काहीच मिळाले नाही. रोख्यांच्या मूळ दस्तऐवजात तशी तरतूद असल्याचे नियामकाचे म्हणणे होते. रोखेधारक न्यायालयात गेले.